नाडीचा वळ
(त्वचेची राखण : लेखांक ६)

मागच्या लेखात आपण उन्हाबद्दल बोललो. गोऱ्या कातडीला उन्हाचा धोका मोठा. आपल्या त्वचेतलं मेलॅनिन मात्र आपल्याला बरंच सांभाळून घेतं. म्हणूनच त्वचेचा कर्करोग आपल्याकडे वेळेत हेरायचा, तर नुसता चेहरा आणि हात पाहून भागत नाही. ऊन कधी पोहोचतच नाही अशा जागाही पाहाव्या लागतात. कंबर ही त्यातलीच एक.

चाळीस-पन्नास वर्षं साडी नेसलेल्या बाईच्या कंबरेवर, परकराची नाडी बसते तिथे, बोटभर रुंदीचा काळपट पट्टा असतो. कातडी जाड, खरखरीत. उन्हाळ्यात घामाने तिथे खाज सुटते, खाजवून साल निघते, खपली धरते आणि दुसऱ्या दिवशी नाडी त्याच रेघेवर आवळली जाते. आईच्या, आजीच्या कंबरेवर आपण हा वळ पाहिलेला असतो. बहुतेकींचा तो जन्मभर नुसता वळच राहतो. पण जखम भरायची, पुन्हा उघडायची, असं वर्षानुवर्षं चाललं, तर क्वचित एखादीच्या तिथल्या पेशी बिघडतात आणि कर्करोग होतो.

ही गोष्ट नवी नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातले डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ सालीच धोतराच्या घट्ट गाठीखाली होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. २०२४मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी कंबरेवर असाच कर्करोग झालेल्या दोन वयस्क स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यातली एक परकराशिवाय, थेट कंबरेला आवळून लुगडं नेसणारी होती. म्हणजे दोष साडीचा नाही, एकाच रेघेवर रोज पडणाऱ्या फासाचा आहे. नाडी सैल बांधावी, रुंद पट्ट्याचा परकर वापरावा आणि कातडी सोलवटली असेल तर ती भरेपर्यंत गाउन घालावा.

मला सलतं ते वेगळंच. ही जखम दिसायला आत कुठे खोल नसते, अगदी डोळ्यांसमोर असते. तरी कंबर उघडी करून डॉक्टरांना दाखवायची कशी, या संकोचापायी बायका हळद आणि दुकानातलं मलम लावत महिने काढतात. महिनाभरात न भरलेली जखम, कडा उचललेला व्रण, हात लागताच येणारं रक्त, घाण वास किंवा जांघेत लागणारी गाठ, यातलं काहीही दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. ते जखमेचा लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवतात. रोग तेवढ्याच जागी असेल, तर भोवतालच्या थोड्या निरोगी कातडीसकट तो कापून काढला की बहुधा काम भागतं. जांघेतल्या गाठींपर्यंत पोहोचला, की शस्त्रक्रिया मोठी होते आणि खात्री कमी.

पाठीकडचा भाग बाईला स्वतःला दिसत नाही. तो लेकीने, सुनेने उजेडात पाहावा. आईच्या पाठीला तेल लावताना बोट त्या वळावरून पुरतं फिरवावं.

पुढच्या आठवड्यात : तळपायाचे आणि नखाखालचे काळे डाग.