उघड्या रानातील यंत्राची बॅटरी

राज्य शासनाच्या ‘महावेध’ प्रकल्पाने महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली असून, विदर्भातील साखरखेर्डा परिसरासारख्या कोरडवाहू पट्ट्यात, जेथे पावसाच्या नोंदीवर पेरणीचे आणि पीकविम्याचे हिशेब अवलंबून असतात, तेथे अशा सौरचलित यंत्राची बॅटरी ऐन पावसाळ्यात बंद पडणे शेतकऱ्याला परवडणारे नाही.

बॅटरीचे आयुष्य चक्रांत, म्हणजे पूर्ण भरून पुन्हा रिकामी होण्याच्या आवर्तनांत, मोजतात. शिसे-आम्ल बॅटरी स्वस्त असली, तरी वारंवार खोलवर रिकामी झाल्यास ती काहीशे चक्रांतच थकते. याउलट लिथियम आयर्न फॉस्फेट या रसायनाची बॅटरी साधारण 2000 किंवा अधिक चक्रे टिकते आणि तापल्यावर पेट घेण्याचा धोकाही तीत कमी असतो, म्हणून किंमत जास्त असूनही तीच निवडणे शहाणपणाचे ठरते. मात्र तिचा एक घट (सेल) 3.65 व्होल्टपर्यंतच भरावा लागतो, तर इतर बहुतेक लिथियम घट 4.2 व्होल्टपर्यंत भरतात. त्यामुळे भरण नियंत्रक त्याच रसायनासाठी बनवलेला असणे अत्यावश्यक आहे.

सरासरी 20 मिलिअँपिअर प्रवाह घेणाऱ्या यंत्राला दिवसाला 0.48 अँपिअर-तास लागतात. सात दिवस ऊन पडलेच नाही असे धरल्यास ही गरज सुमारे 3.4 अँपिअर-तास होते, आणि बॅटरी 80 टक्क्यांहून अधिक रिकामी होऊ द्यायची नसल्यास किमान 4.2, झीज लक्षात घेता 6 अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी. विदर्भाच्या उन्हाळ्यात बॅटरीच्या बंद पेटीतील तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच चढते व उष्णतेने प्रत्येक बॅटरी लवकर जुनी होते, म्हणून पेटी पांढरी, हवेशीर आणि सौरपट्टीच्या सावलीत असावी.