मूक पदयात्रा

१४ जून २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या २४ मजली निवासी इमारतीत आग लागली. चौथ्या मजल्यावरील एका फ्रीजमधून ती सुरू झाली. नूतनीकरणाच्या वेळी बाहेरच्या भिंतींवर बसवलेले आवरण ज्वलनशील असल्यामुळे ती पाहता पाहता माथ्यापर्यंत पोहोचली. या दुर्घटनेत ७२ जणांचा बळी गेला.

आगीच्या धोक्याविषयी रहिवाशांनी पूर्वीच इशारे दिले होते. त्यामुळे शोकात संतापही मिसळला. शेजाऱ्यांनी अन्नवस्त्रांचे ढीग आणून दिले, प्रार्थनास्थळांनी दारे उघडली. स्थानिक प्रशासन मात्र मदतीत मागे पडले. दोनच दिवसांनी संतप्त निदर्शक नगर परिषदेच्या इमारतीत शिरले.

पुढे या क्षोभाने निराळेच रूप धारण केले. दर महिन्याच्या १४ तारखेला हजारो लोक मूक पदयात्रा काढू लागले. चालताना घोषणा नाहीत. हिरवे हृदय हे स्मरणाचे चिन्ह तेवढे सर्वत्र दिसे. वाटेत अग्निशमन दलाचे जवान रांगेने उभे राहत, तेव्हा यात्रेकरू त्यांना आलिंगन देत. घोषणांना सरावलेल्या सत्ताधाऱ्यांना ही शांतता अधिक बोचली असावी.

सप्टेंबर २०२४ मध्ये चौकशीचा अंतिम अहवाल प्रसिद्ध झाला. हे सर्व मृत्यू टाळता येण्याजोगे होते, असे चौकशीच्या अध्यक्षांनी त्या वेळी सांगितले.