राष्ट्राध्यक्ष आणि इतिहासाचा धडा : १९१४ की १९३८?

राष्ट्रप्रमुखाने इतिहासापासून बोध घ्यावा, याविषयी कुणाचेच दुमत नसते. मात्र कोणत्या इतिहासापासून, हा खरा कठीण प्रश्न असतो. ऑक्टोबर १९६२मधील क्युबाच्या क्षेपणास्त्र संकटात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्यापुढे तो उभा ठाकला होता.

सोव्हिएत संघाने क्युबात क्षेपणास्त्रे आणल्याचा छायाचित्रांकित पुरावा १६ ऑक्टोबर रोजी केनेडींसमोर आला. लष्करी नेतृत्वाचा कल थेट हल्ल्याकडे होता. सागरी नाकेबंदी म्हणजे जवळजवळ म्युनिकच्या तुष्टीकरणासारखीच, असे हवाई दलप्रमुख कर्टिस लेमे यांनी अध्यक्षांना सुनावले. १९३८मध्ये ब्रिटन व फ्रान्स यांनी म्युनिक येथे हिटलरची मागणी मान्य केली आणि वर्षभरातच दुसरे महायुद्ध पेटले. आक्रमकापुढे नमते घेऊ नये, हा धडा त्या पिढीच्या मनावर कोरला गेला होता.

केनेडींना मात्र १९१४ हे सालही आठवत होते. पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभावरील बार्बरा टकमन यांचा ‘द गन्स ऑफ ऑगस्ट’ हा ग्रंथ त्यांनी वाचला होता. परस्परांविषयीचे गैरसमज आणि प्रतिष्ठेच्या कल्पना यांमुळे महासत्ता युद्धात ओढल्या जातात, हा बोध त्यांनी त्यातून घेतला. तिसरा धडा स्वतःच्याच अपयशाचा होता. एप्रिल १९६१मध्ये ‘बे ऑफ पिग्ज’ येथे उतरवलेल्या सुमारे १,४०० क्युबन निर्वासितांची मोहीम तीन दिवसांत कोसळली होती. तज्ज्ञांच्या आश्वासनांवर विसंबल्याचे ते फळ होते. म्हणूनच या वेळी सल्लागारांना मोकळेपणाने वाद घालता यावा, यासाठी केनेडी काही बैठकांपासून मुद्दाम दूर राहिले.

अखेर नाकेबंदीचा मार्ग निवडला गेला. क्युबावर आक्रमण न करण्याची हमी मिळाल्यावर सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांनी २८ ऑक्टोबर रोजी माघार जाहीर केली. तुर्कस्तानातील अमेरिकी क्षेपणास्त्रे हटवण्याचे आश्वासनही दिले गेले होते. पण ते दीर्घकाळ गुप्त राहिले. परिणामी केवळ कणखरपणामुळे विजय मिळाला, अशी अर्धवट समजूत रूढ झाली.

अर्धवट धड्याची किंमत मोठी असते. जुलै १९६५मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी व्हिएतनाममधील सैन्य ७५ हजारांवरून सव्वा लाखापर्यंत वाढवण्याची घोषणा करताना म्युनिकचाच दाखला दिला. वसाहतवादाविरुद्धच्या दीर्घ लढ्यातून आलेला व्हिएतनाम आणि हिटलरचा जर्मनी यांतील भेद त्या दाखल्यात झाकला गेला. त्या युद्धात ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिकांनी आणि लक्षावधी व्हिएतनामींनी प्राण गमावले.

रिचर्ड न्यूस्टाट व अर्नेस्ट मे या हार्वर्डच्या दोन प्राध्यापकांनी १९८६मधील आपल्या ग्रंथात यावर एक साधी रीत सुचवली आहे. प्रथम निश्चित माहिती, संदिग्ध बाबी आणि गृहीतके वेगवेगळी मांडावीत. त्यानंतर आठवलेल्या जुन्या प्रसंगाशी असलेली साम्ये आणि भेद लिहून काढावेत.

आजही एखादा राष्ट्राध्यक्ष युद्धाच्या वा निर्बंधांच्या समर्थनार्थ इतिहासाचा दाखला देतो, तेव्हा हीच कसोटी नागरिकांच्याही हाती असते. साम्ये भाषणात आपोआप येतात. भेद मात्र विचारूनच घ्यावे लागतात.