जनुकाच्या अलीकडची अक्षरं

माणूस आणि चिंपांझी यांची प्रथिनं जवळपास सारखीच. मग दोघांत एवढा फरक कुठून आला? मेरी-क्लेअर किंग आणि ॲलन विल्सन यांनी 1975 मध्ये उत्तर सुचवलं: फरक जनुकांत कमी, ती कधी, कुठे आणि किती चालायची हे ठरवणाऱ्या यंत्रणेत जास्त असावा. डीएनएतली ही यंत्रणा अक्षर-अक्षर वाचायचं साधन तेव्हा नव्हतं. आज आहे.

जनुकाची आरएनए-प्रत जिथून निघायला लागते, त्या जागेला लागून असलेला डीएनएचा पट्टा म्हणजे प्रमोटर. ठरावीक प्रथिनं त्यावर येऊन बसली की काम सुरू होतं. ती ज्या खुणा ओळखतात त्या मात्र फार आखूड, पुष्कळदा सहा ते बारा अक्षरांच्या. या खुणा डीएनएत शोधणाऱ्या संगणकाची इथेच पंचाईत होते. डीएनएत अक्षरं चारच. त्यामुळे सहा अक्षरांची कोणतीही खूण निव्वळ योगायोगानं दर 4096 अक्षरांमागे एकदा भेटणार. माणसाचा जीनोम सुमारे 300 कोटी अक्षरांचा. म्हणजे सात लाखांहून जास्त जागा, आणि त्यातल्या बहुतेक बिनकामाच्या!

यावर तोडगा म्हणजे नातेवाइकांकडे पाहणं. तेच जनुक उंदरात, कोंबडीत, माशात शोधायचं, त्याच्या अलीकडची हजार-दोन हजार अक्षरं उचलायची आणि एकाखाली एक मांडायची. आजूबाजूचं सगळं बदललं, पण एक तुकडा कोट्यवधी वर्षं टिकला, तर त्यात बदल झालेले जीव मागे पडले असणार, असा हा तर्क. नातेवाईक कोणता निवडायचा, यात मात्र मेख आहे. चिंपांझी इतका जवळचा, की सगळंच सारखं दिसतं. फुगू मासा इतका लांबचा, की बराचसा प्रमोटर जुळतच नाही. उंदीर, कुत्रा असे मधले उपयोगी पडतात.

तरी जुळलेल्या अक्षरांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. माणूस, उंदीर, कुत्रा, ओपोसम आणि कोंबडी यांच्या यकृतात दोन नियंत्रक प्रथिनं डीएनएवर नेमकी कुठे बसतात, हे 2010 मध्ये प्रयोगानं तपासलं गेलं. प्रथिनांची आवडती खूण पाचही प्राण्यांत तीच; बसण्याच्या जागा मात्र बहुतांश ज्याच्या त्याच्या वेगळ्या. पाचांतही समान अशा जागा विरळाच. यकृत मात्र सगळ्यांचं यकृतच राहिलं. पुढे 2015 मध्ये 20 सस्तन प्राण्यांच्या यकृतांची तुलना झाली, तेव्हा प्रमोटर बऱ्यापैकी टिकून असल्याचं आणि दूरवरून जनुकाचा वेग वाढवणारे एन्हान्सर झपाट्यानं बदलत असल्याचं दिसलं.

म्हणून संगणकाची यादी ही संशयितांची यादी मानावी; निकाल प्रयोगशाळेत लागतो. पण ती यादी करायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेच्या जीनोम ब्राउझरवर माणसासह 100 पृष्ठवंशीयांचे जीनोम एकाखाली एक मांडून ठेवले आहेत. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी इन्सुलिनचं जनुक उघडून त्याच्या अलीकडची अक्षरं जरूर पाहावीत. पैसे लागत नाहीत.