नळीवरची नक्षी

मिहानसाठी खापरी, कलकुही, तेल्हारा, दहेगाव या गावांच्या जमिनी गेल्या. पिढ्यान्‌पिढ्यांचं घर रिकामं करताना माळ्यावरून बरंच काही खाली येतं. जुन्या मालगुजारी वाड्यात त्यात कापडात गुंडाळलेली एखादी दुनळी बंदूकही असायची. रान आणि शेत लागून असलेल्या या मुलखात बंदूक शिकारीइतकीच राखणीची. १९५९च्या शस्त्र कायद्यातही पीक-राखणीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे.

अशा बंदुकीची नळी उजेडात धरली, की तिच्यावर कुरळ्या रेघांची दाट नक्षी दिसते. ती कोरलेली किंवा रंगवलेली आहे असं वाटतं. पण ती नळीच्या अंगातली असते. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या आलटून पालटून रचायच्या, तापवून ठोकून एकजीव करायच्या. त्या चौकोनी कांबीला दोरीसारखा पीळ द्यायचा. अशा दोन-तीन पिळलेल्या कांबी शेजारी शेजारी सांधून फीत करायची, ती दांड्याभोवती गुंडाळायची आणि कडा ठोकून जोडायच्या. शेवटी आम्लाचा हात फिरला, की लोखंड आणि पोलाद वेगवेगळा रंग धरतात आणि पीळ दिसू लागतो.

या नळ्यांना ‘दमास्कस’ म्हणतात. बेल्जियममधल्या लिएजजवळच्या वेद्र नदीच्या खोऱ्यात एकोणिसाव्या शतकात हा मोठा धंदा होता. तिथल्या नळ्या बर्मिंगहॅमलाही जात. पण कल्पना आपल्याला परकी नाही. अकबराच्या काळच्या ‘आईन-इ-अकबरी’त लोखंडाची पट्टी तिरपी गुंडाळून नळी घडवण्याचं वर्णन आहे. मात्र तलवारीच्या पात्यावरचा ‘जौहर’ वेगळा. तो मुशीत वितळवलेल्या पोलादात आपोआप उमटतो, तर नळीवरची नक्षी लोहाराच्या हातून येते.

ओळखायचं कसं? नुसत्या तिरप्या, समांतर रेघा असतील, तर ती साध्या पट्टीची नळी. बारीक किडे वळवळल्यासारखा विस्कळीत पोत दिसला, तर घोड्याच्या नालांच्या खिळ्यांचे तुकडे एकत्र ठोकलेले असण्याची शक्यता. कुरळ्यांच्या ओळी दिसल्या, तर फितीच्या रुंदीत त्या किती ते मोजावं; दोन ओळी म्हणजे दोन कांबी, तीन म्हणजे तीन. कांबी जितक्या जास्त, तितकं काम नाजूक. नकलाही होत्या: साध्या पोलादावर आम्लाने नक्षी उमटवलेली. म्हणून पुढचा लाकडी भाग काढून नळीची खालची बाजू पाहावी. खरी नक्षी तिथेही अखंड चालू राहते, खोटी बहुधा तिथे थांबते. तिथेच चाचणीचे शिक्केही सापडतात. अंडाकृतीत ‘ई.एल.जी.’ असेल, तर लिएज. तिच्यावर मुकुट असेल, तर १८९३ नंतरचं. तिरपे राजदंड आणि वर मुकुट, ‘बी.पी.सी.’ अशी अक्षरं असतील, तर १९०४ पूर्वीचं बर्मिंगहॅम.

दोन चुका हमखास होतात. पहिली, गंज निघावा म्हणून पॉलिश पेपर घासणं. त्याबरोबर नक्षीही जाते. दुसरी जीवघेणी, आजचं काडतूस घालून बार काढणं. या नळ्या काळ्या दारूसाठी घडवलेल्या. शेकडो सांध्यांपैकी एक आतून गंजला असेल, तर तो वरून दिसत नाही.

कायद्याचाही गैरसमज नको. जुनी म्हणून बंदूक परवान्यातून सुटत नाही. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा पुरातन शस्त्रालाच सूट आहे. मालक वारला, तर वारसांनी ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. मुदतीत सोय न झाल्यास ती सरकारजमाही होऊ शकते. २०१९च्या दुरुस्तीपासून एका व्यक्तीला दोनच शस्त्रं ठेवता येतात.

म्हणून जमा करण्याआधी एवढं करावं: नळीच्या वरच्या-खालच्या बाजूचे आणि शिक्क्यांचे जवळून फोटो काढावेत, ती घरात कधी, कशी आली ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावं. ही नक्षी बांधणाऱ्या लोहाराचं नाव नळीवर बहुधा नसतं. त्याच्या हाताची एकच निशाणी उरते, ती म्हणजे हा पीळ. गाव सुटलं, बंदूकही सुटेल. निदान तो पीळ वाचून ठेवावा.