शेऱ्याचा रकाना

आपल्याकडील बहुतेक सरकारी नोंदवह्यांचा शेवटचा रकाना 'शेरा' या नावाचा असतो. नाव, वय, क्षेत्र, रक्कम अशा आखीव घरांतून जे मावले नाही त्याला आश्रय मिळावा म्हणून तो ठेवलेला असतो, आणि बहुधा तो कोराच राहतो. लोकसेवा करणाऱ्या संस्थांनी आणि त्यांना द्रव्यसाहाय्य करणाऱ्या दात्यांनी आकडेवारीचा (आजच्या भाषेत डेटाचा) उपयोग कसा करावा, या प्रश्नाचा विचार करू लागलो की मला हा रकाना आठवतो.

धाराशिव जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. हा पूर्वी निजामाच्या अमलाखालचा मुलूख. खानेसुमारी, जमाबंदी, आणेवारी हे शब्द येथील कुणब्याच्या कानावर पिढ्यान्‌पिढ्या पडत आले आणि त्यांच्याबरोबर, वही घेऊन दारात उभा राहणारा मनुष्य काहीतरी न्यायलाच आलेला असतो, ही समजूतही रुजली. ती अगदीच निराधार नव्हती. मात्र मोजणी रयतेच्या बाजूनेही करता येते, हे १८७६-७८च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने दाखवले. ठिकठिकाणच्या प्रतिनिधींकडून हकिकती मागवून तिने सरकारपुढे सरकारच्याच मदतकार्याची उणीव मांडली. पुढे अन्नछत्र आणि धर्मशाळा यांपलीकडे दानाची कल्पना सहसा जात नसताना रावबहादूर रा. रा. काळे यांनी अर्थशास्त्रीय संशोधनासाठी देणगी दिली, आणि तिच्यातून १९३० साली पुण्यात गोखले संस्था उभी राहिली. तेथे धनंजयराव गाडगीळांनी गावोगावच्या पाहण्यांची जी परंपरा घालून दिली, तिचे मोल, माझ्या मते, पुष्कळ अन्नछत्रांहून अधिक आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, आणि लातूर जिल्ह्यातील औसा व निलंगा या तालुक्यांसह धाराशिवमधील उमरगा व लोहारा परिसरातील दगडामातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. मग वह्या घेऊन माणसे आली, ती या खेपेस द्यायला आली होती. परंतु दिले ते कोणत्या नोंदीवरून? स्थलांतरित बावन्न गावांत घराचे आकारमान ठरले ते जमीनधारणेवरून : भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या खातेदारास २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यास ७५०. कुटुंबात माणसे किती, हे सातबारा सांगत नाही. ज्या स्त्रीचे नाव त्यावर कधी चढलेच नाही, तिच्याविषयी तर तो पूर्णपणे मूक असतो. नोंद खोटी नव्हती. ती वेगळ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहिलेली होती, एवढाच तिचा दोष.

म्हणूनच, स्थलांतर न झालेल्या गावांच्या दुरुस्ती-पुनर्बांधणीच्या कामात शासनाने 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेला लोकसहभागासाठी सोबत घेतले, ही घटना मला महत्त्वाची वाटते. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली गावोगावच्या स्त्रिया 'संवाद सहायक' झाल्या. घरबांधणीच्या हप्त्यांचा हिशेब, बांधकामाची प्रगती आणि घरोघरच्या अडचणी त्या ग्रामसभेत व अधिकाऱ्यांपुढे मांडू लागल्या. जिला कालपर्यंत केवळ मोजले जात होते, ती मोजू लागली.

तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांनी उभारलेल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच अल्पशिक्षित बायकांना 'भारतवैद्य', म्हणजे गावच्या आरोग्यसेविका, केले, त्यामागेही गावातल्या बाईवरचा हाच विश्वास दिसतो. अल्पशिक्षित हातांना आकडा पेलत नाही, असे म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीचे मण्यांचे यंत्र पाहावे. बाळाला न्यूमोनिया आहे की नाही, हे मिनिटाला किती श्वास चालतात त्यावरून ओळखता येते. पण दाईला मोठी संख्या मोजता येत नसे. म्हणून 'सर्च' संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ एकत्र जोडली : दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधीच लाल मणी सरकला तर औषध सुरू करायचे. येथे आकडा कोणत्याही कचेरीकडे जात नाही. जिच्या हातात तो निर्माण झाला, तिच्याच हातून त्याच क्षणी त्याचा निर्णय होतो. त्याच संस्थेने प्रशिक्षित आरोग्यदूतांमार्फत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, प्रत्येक जन्ममृत्यूची नोंद ठेवली, आणि १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये नवजात मृत्यूंत सुमारे ६२ टक्के घट प्रसिद्ध केली.

आकडा वर कचेरीकडे जाण्याचा, म्हणजे याच्या उलट टोकाचा, अनुभव धाराशिवला २०१८ पासून आला. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत त्याची गणना झाली आणि आरोग्य, शिक्षण, शेती-पाणी इत्यादी पाच क्षेत्रांतील ४९ निर्देशांकांवर प्रगतीची क्रमवारी लागू लागली. जिल्ह्याचे दारिद्र्य यामुळे निदान झाकलेले राहिले नाही, हा लाभ मान्य करावाच लागेल. मात्र क्रमांकाला जेथे मान मिळतो तेथे लेखणीला मोह होतो, हे जुन्या दप्तरदारांना पक्के ठाऊक होते. देणगीदारांच्या अहवालांनाही हे लागू आहे. किती शिबिरे झाली हे त्यांत असते, शिबिराला कोण आले नाही हे क्वचितच.

न येणारे बहुधा गावात नसतातच. दसरा-दिवाळी उलटली की कळंब, भूम, वाशी, परंडा या भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. टोळीतला एक 'कोयता' म्हणजे नवराबायकोची जोडी, आणि सोबत अंगावरचे मूल. जानेवारीत पाहणीला गेलेल्या कार्यकर्त्याला दाराला कुलूप दिसते. तो पुढच्या घराकडे वळतो, त्या मुलाचे वजन मोजल्यावाचून राहते, आणि सरासरी मात्र सुधारलेली दिसते. दिवाळी सरताच मजुरांचे ट्रक भरू लागतात. ज्या अंगणवाडीताईने फराळाच्या गडबडीतच त्या मुलांची वजने उरकून घेतली असतील, तिच्या वहीत शेऱ्याच्या रकान्यात कारखान्याचे नाव, टोळीच्या मुकादमाचे गाव आणि परत येण्याचा अंदाजे महिना लिहिलेला सापडेल.