हवामान विभाग पाहून फळझाडाची निवड

फळबाग एकदा लावली की तिच्यापासून वीस-पंचवीस वर्षे उत्पन्न घ्यावयाचे असते. ज्वारीचा वाण चुकला तर एका हंगामाचे नुकसान होते. कलमाची निवड चुकली तर ती चुकली हे कळायलाच चार-पाच वर्षे जातात. तोपर्यंत खड्डे, पाणी, खते आणि राखण यांवर खर्च झालेला असतो. असे असूनही बरेच शेतकरी बंधू फळझाड निवडताना शेजाऱ्याची बाग, बाजारातील चढा भाव किंवा विक्रेत्याने दाखविलेले रंगीत चित्र एवढ्यावरच निर्णय घेतात.

हल्ली काही रोपांच्या चिठ्ठीवर ‘झोन ९ ते ११’ असा मजकूर असतो. ही अमेरिकेची पद्धत आहे. तेथील कृषी खात्याने १९६० साली देशाचा एक नकाशा तयार केला. त्याची अलीकडची सुधारित आवृत्ती २०२३ ची आहे. वर्षातील सर्वांत थंड रात्रीचे तापमान अनेक वर्षांचे घेऊन त्याची सरासरी काढतात आणि तीवरून १३ विभाग पाडतात. एका विभागात सुमारे साडेपाच अंश सेल्सिअसचा फरक असतो. तेथे झाड मरते ते प्रामुख्याने हिवाळ्यातील गोठविणाऱ्या थंडीने, म्हणून ती पद्धत तेथे उपयोगी आहे.

आपल्याकडे मात्र हा आकडा फारसे काही सांगत नाही. थंडी पाहिली तर भंडारा आणि बीड जवळजवळ एकाच खान्यात बसतील; पण एक भाताचा भरपूर पावसाचा जिल्हा, तर दुसरा अवर्षणाचा. महाराष्ट्रात फळझाडाला अडचण येते ती उन्हाळ्यातील कोरड्या वाऱ्याची, फळ पोसताना पडणाऱ्या पावसाची आणि जमिनीतील चुनखडीची. शिवाय झाड जगणे निराळे आणि झाड फळणे निराळे. झोनचा आकडा फक्त जगण्याबद्दल बोलतो.

आपले नऊ विभाग

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्पात पाऊस, जमीन, तापमान व पीकपद्धती यांचा एकत्रित विचार करून महाराष्ट्राचे नऊ कृषी हवामान विभाग पाडले आहेत. दक्षिण कोकण, उत्तर कोकण, घाटमाथा, घाटाच्या पूर्वेकडील उपपर्वतीय भाग, पश्चिम महाराष्ट्राचा मैदानी भाग, अवर्षणप्रवण भाग, निश्चित पावसाचा भाग, मध्यम पावसाचा मध्य विदर्भ आणि जास्त पावसाचा पूर्व विदर्भ असे ते आहेत. आपला तालुका कोणत्या विभागात येतो हे कृषी विज्ञान केंद्रात किंवा सहायक कृषी अधिकाऱ्याकडे विचारावे. काही जिल्ह्यांत दोन-तीन विभाग येतात, त्यामुळे जिल्ह्यावरून अंदाज बांधू नये.

हापूसचे उदाहरण घ्या. कोकणातील जांभ्या जमिनीत आणि समुद्राच्या दमट, सौम्य हवेत त्याला जी प्रत येते ती पठारावर येत नाही. मराठवाड्यात हापूसचे झाड वाढते, हिरवेगार दिसते, पण फळ त्या मानाने कमी व अनियमित मिळते. तेथे केशर अधिक चांगला येतो. शिवाय केशरात साका होत नाही. कोकणातही साक्याचा त्रास टाळावयाचा असेल तर हापूसबरोबर ‘रत्ना’ची काही कलमे लावावीत.

नारळाचे तसेच आहे. विहिरीजवळ किंवा पाटाच्या कडेला घरापुरती चार झाडे कोठेही लावावीत, त्यास हरकत नाही. पण अवर्षणप्रवण भागात एप्रिल-मेचे कोरडे वारे लागून लहान फळे गळतात आणि पाणी सतत द्यावे लागते. तेथे नारळाची बाग धंदा म्हणून परवडणे कठीण.

डाळिंब याच्या नेमके उलट. सोलापूर, सांगलीचा पूर्व भाग, नाशिकचा कोरडा पट्टा येथे ते उत्तम येते, कारण हवा कोरडी. पाऊस व दमटपणा वाढला की तेलकट डाग रोग म्हणजे तेल्या बळावतो. म्हणून जास्त पावसाच्या भागात डाळिंबाच्या मोठ्या बागेच्या भरीस पडू नये, आणि कोरड्या भागातही मृग बहार विचार करूनच धरावा. अवर्षणप्रवण भागातील हलक्या जमिनीवर सीताफळ व बोर ही सर्वांत भरवशाची झाडे होत. त्यांना मान कमी मिळतो, पण दुष्काळात तीच उभी राहतात. कोकणात काजू आणि कोकम यांचे स्थान असेच आहे.

विभागानंतर आपले शेत

विभाग ही पहिली चाळणी आहे. विदर्भात संत्रा येतो म्हणून तेथील प्रत्येक शेतात येईल असे नाही. लागवडीपूर्वी शेतात दोन-तीन ठिकाणी मीटरभर खोल खड्डा घेऊन पाहावे. खाली चोपण किंवा पाणी धरून ठेवणारी चिकण माती लागली तर झाडाला डिंक्या होण्याची भीती असते. माती परीक्षणात मुक्त चुना १० टक्क्यांपेक्षा अधिक आढळल्यास संत्रा व मोसंबी टाळावी, कारण लोह न मिळाल्याने पाने पिवळी पडून झाडे खंगतात. चुन्याचे प्रमाण त्याहून थोडेच कमी असेल तर जंबेरीऐवजी रंगपूर लिंबाच्या खुंटावरील कलमे घ्यावीत.

थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून खाली येऊन ओढ्याकाठच्या खोलगट भागात साचते. निफाड परिसरात थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांच्याही खाली जातो, तेव्हा अशा जागेतील बागेला फटका जास्त बसतो. केळीची वाढ १० अंशांच्या आसपासच थांबते. खानदेशात केळीला हिवाळ्यात ही थंडी आणि उन्हाळ्यात उष्ण वारे असे दोन्ही सोसावे लागते. म्हणून बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ लागवडीबरोबरच लावावी. थंडीच्या दिवसांत पाणी रात्री द्यावे.

आता सफरचंदाविषयी. नेहमीच्या जातींना फुलण्यासाठी हिवाळ्यात ७ अंशांखालील सुमारे हजार तास थंडी लागते. एवढी थंडी आपल्याकडे कोठेच पडत नाही. कमी थंडीवर येणाऱ्या जाती आहेत, त्यांना काही ठिकाणी फळेही लागली आहेत. हौस असल्यास बांधावर दोन-चार झाडे लावून पाहावीत. पण एकरभर लागवड करण्यापूर्वी आपल्याच विभागात किमान तीन वर्षे विक्रीयोग्य फळ देणारी बाग प्रत्यक्ष पाहावी, आणि ती पाहावी फळांच्या वेळी.

रोपे टेम्पोतून दारावर येणाऱ्या विक्रेत्याकडून न घेता विद्यापीठाच्या किंवा शासनमान्य रोपवाटिकेतून घ्यावीत. घेताना जात व खुंट दोन्ही विचारावेत, बिलावर ते लिहून घ्यावे आणि बिल बाग फळावर येईपर्यंत जपून ठेवावे.